एक मूल जास्त

१

सुरक्षेचा सराव संपला आणि शाळेत एक मूल जास्त निघालं.

कमी निघालं असतं तर कुणी काय करायचं हे ठरलेलं होतं. शिट्टी कुणी फुंकायची, जिन्यावर कुणी धावायचं, पालकांना फोन कुणी करायचा आणि तो करताना आवाज कापरा होऊ द्यायचा नाही, इथपर्यंत सगळं पाठ होतं. मूल जास्त निघेल ही शक्यता मात्र सुरक्षा समितीच्या एकाही बैठकीत कुणाला सुचली नव्हती. आणि बैठका काही कमी झाल्या नव्हत्या.

सराव मधल्या सुट्टीत झाला. मुलं डबे उघडून बसलेली असतानाच भोंगा वाजवायचा, हा फौजदारबाईंचा आग्रह. संकट वेळापत्रक बघून येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे जो जिथे होता तिथून जवळच्या जिन्याने खाली उतरला आणि त्या जिन्याच्या रांगेत मैदानात उभा राहिला. थोरल्यांनी धाकट्यांची बोटं धरली होती, धाकट्यांनी अर्धवट खाल्लेली सफरचंदं. शिक्षकांनी डोकी मोजली. यंत्रवाल्याने पडद्यावरचा आकडा वाचला. फाटकावरच्या यंत्राने सकाळपासून जेवढी कार्डं आत घेतली होती, त्यापेक्षा मैदानात एक डोकं जास्त होतं.

"पुन्हा मोजा," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंचीने त्या सहावीतल्या मुलांएवढ्याच होत्या, पण त्यांना मोठ्या बाई म्हणायची कुणाला अडचण वाटत नसे.

पुन्हा मोजलं. एक जास्त. मग गणिताच्या बाईंनी मोजलं. त्यांचंही तेच आलं, फक्त त्यांच्या चेहऱ्यावर खात्री अधिक होती.

"कमी नाही ना? मग सोडा की," खेळाचे सर म्हणाले. त्यांचा चहा निवत होता.

"सोडा कसं?" फौजदारबाई म्हणाल्या.

फौजदारबाईंची सगळी नोकरी पोलिसात गेली होती. निवृत्त झाल्यावर घरात बसून सुनेच्या कपाटांची तपासणी करण्यापेक्षा बाहेर बऱ्या, म्हणून मुलानेच त्यांना शाळेच्या सुरक्षा सल्लागाराची जागा शोधून दिली, असं त्या स्वतःच सांगत.

"उद्या खरी आग लागली," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि नेमकं हेच मूल आत अडकलं, तर बाहेर आपला आकडा बरोब्बर जुळेल. आपण हुश्श करू, टाळ्या वाजवू. कुणीही आत धावणार नाही. ज्याची मोजणीच नाही, त्याला शोधायला कोण जाणार?"

खेळाच्या सरांनी चहाचा विचार सोडून दिला.

"शाळा सुटायच्या आत मला ते मूल हवंय," फौजदारबाई म्हणाल्या.

आणि तेवढ्यात रांगेतून एका उंचच उंच मुलाने हात वर केला.

२

"मीच आहे तो," मुलगा म्हणाला. "जास्तीचा."

तो सातवीतला. त्याला शाळेत सगळे बांबू म्हणत. शिक्षकसुद्धा, फक्त प्रगतिपुस्तक सोडून. त्याचं कार्ड हरवलं होतं. दुसरा तास चालू असताना त्याची आई त्याला दंडाला धरून घेऊन आली होती आणि ऑफिसच्या दाराने त्याला आत ढकलून कामावर गेली होती. ऑफिसचं दार मोठ्या माणसांसाठी. तिथे यंत्र नव्हतं.

सगळ्यांचे खांदे खाली आले. म्हणजे एक मूल कार्डाशिवाय आलं, म्हणून एक डोकं जास्त. इतकं सोपं होतं! मोठ्या बाईंनी मुलांना वर्गात पाठवलं. सगळेजण आपल्याला आधीपासून हेच वाटत होतं, असं एकमेकांना सांगू लागले.

फौजदारबाईंनी मात्र बांबूच्या आईला फोन लावला.

"अहो, नाटक नुसतं!" आई म्हणाली. "सकाळी उठून म्हणे पोट दुखतंय. म्हटलं, दाखव कुठे. तर बरगडीवर बोट ठेवलं. म्हटलं, तिथे पोट नसतं बाळा. तर मग गुडघ्याकडे सरकला. परीक्षा जवळ आल्यात, म्हटलं चल ऊठ. मग म्हणे कार्ड नाही. काय केलंय त्याने?"

"काही नाही. आला, हेच केलंय," फौजदारबाई म्हणाल्या आणि ऑफिसात गेल्या.

तिथे यंत्रवाला बसला होता. यंत्राच्या कंपनीचा तरुण माणूस. गळ्यात टाय, आणि यंत्राबद्दल बोलताना आवाजात नव्या जावयाचं कौतुक असावं तसं कौतुक.

"हरवलेलं कार्ड लगेच बंद करायचं असतं, मॅडम. नाहीतर कुणीही वापरेल. आमची सिस्टीम एकदम टाइट आहे. चौथीपर्यंतच्या मुलाला संध्याकाळी घरच्या माणसाने अंगठा लावल्याशिवाय फाटक सोडत नाही. पाचवीपासून पुढे मूल आपलं आपण कार्ड लावून जातं. आत येताना कार्ड, बाहेर जाताना कार्ड. एकदा आत आलेलं कार्ड पुन्हा आत येऊ शकत नाही. माशीसुद्धा..."

तो बोलता बोलता थांबला. त्याने पडद्यावरचा आकडा बोटाने पुसून पाहिला.

"काय झालं?"

"हे कार्ड... मॅडम, बांबूचं कार्ड आज सकाळी आत आलंय. पहिल्या घंटेच्या आधी."

"बांबू तर दुसऱ्या तासाला आला."

"हो."

"मग सकाळी त्याचं कार्ड गळ्यात घालून कोण आलं?"

३

फाटकावरच्या काकांना बोलावलं. काका फाटकाइतकेच जुने, आणि फाटकापेक्षा कमी करकरणारे.

"काका, सकाळी बांबूच्या कार्डावर कोण आलं?"

"मला काय ठाऊक?"

"तुम्ही बघता ना?"

"पूर्वी तोंडं बघायचो. मग हे साहेब आले." काकांनी यंत्रवाल्याकडे पाहिलं नाही, पण पाहिल्यासारखंच झालं. "म्हणाले, काका, तोंडं बघू नका, दिवा बघा. माणसाची चूक होते. हिरवा लागला की आत, लाल लागला की बाहेर. तेव्हापासून मी दिवा बघतो. अगदी ओळखीचा झालाय आता."

राहता राहिला कॅमेरा. तो फाटकाच्या कमानीवर उंच बसवलेला होता, कारण समितीच्या मते धोका हा उंच माणसांकडून येतो. मुलं त्याच्याखालून जात तेव्हा त्यांची तोंडं दिसतच नसत. दिसत ती फक्त डोकी: भांग, क्लिपा, रिबिनी, उभे राहिलेले केस. लाखो रुपये मोजून शाळेने मुलांच्या भांगांचं चित्रण करून ठेवलं होतं.

यंत्रवाल्याने बांबूचं कार्ड टेकलं तो क्षण काढला.

कार्ड सातवीतल्या बांबूचं. खाली डोकं मात्र दोन वेण्यांचं. भांग मधोमध निघून पुढे जरा डावीकडे घसरलेला, काढणाऱ्या हाताला घाई असावी तसा. आणि डोकं किती खाली! मागच्या मुलाच्या दप्तराच्या पट्ट्याशी त्या वेण्या संपत होत्या.

"लहान मुलगी आहे," मोठ्या बाई पुटपुटल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "आपली, की बाहेरची?"

फौजदारबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "कालचं लावा बरं."

"काल बांबू हजर होता, मॅडम. आणि आकडाही जुळला होता."

"आकडा राहू द्या. भांग बघू."

यंत्रवाल्याने कालची सकाळ लावली. डोकी सरकू लागली. काळी, कुरळी, तेल लावून चोपडलेली. आणि मध्येच तो भांग. मधोमध निघालेला, पुढे डावीकडे घसरलेला.

"कार्ड कुणाचं?"

"सहावीतल्या एका मुलीचं."

"परवाचं लावा."

परवाही तो भांग होता. कार्ड आठवीतल्या मुलाचं. त्याच्या आदल्या दिवशी पाचवीतलं कुणी. त्याच्या आदल्या दिवशी आणखी कुणी. यंत्रवाला मागे मागे जात राहिला, आठवडे सरकले, हवा बदलली, मुलांचे स्वेटर आले आणि गेले. भांग रोज येत होता.

कार्ड मात्र रोज नवं होतं.

४

"टोळी आहे," यंत्रवाला म्हणाला. "कार्डं चोरणारी टोळी."

"एवढी कार्डं चोरीला गेली," फौजदारबाई म्हणाल्या, "तक्रारी किती आल्या?"

एकही आली नव्हती.

नोकरीत त्यांनी नाना तऱ्हेचे चोर पाहिले होते. पण ज्याने लुटल्यावर लुटले गेलेले सगळे गप्प बसतात, असा एकही पाहिला नव्हता. असा चोर नसतोच. मग उरतं काय? कार्ड चोरलेलं नाही, दिलेलं आहे.

त्यांनी बांबूला बोलावलं.

"पोट कसं आहे?"

"बरंय."

"कार्ड कुठे हरवलं?"

"जिथे हरवलं तिथेच."

"कुणाला दिलंस?"

बांबूने छताकडे पाहिलं. त्याला छत जवळ होतं. पुढची दहा मिनिटं त्याने छताशिवाय कशाशीही संबंध ठेवला नाही. फौजदारबाईंनी चढा आवाज लावून पाहिला, मऊ आवाज लावून पाहिला, शेवटी पोलिसात हमखास चालणारं मौनही लावून पाहिलं. मौनात बांबू त्यांच्याहून तयार निघाला.

मग त्यांनी शिक्षकांना गोळा केलं आणि प्रत्येकाला आपापल्या वर्गात जाऊन मुलं मोजून यायला सांगितलं. प्रत्येक वर्ग बरोबर निघाला. चौथीच्या बाईंनी तर दारातूनच सांगितलं, "माझी सगळी मुलं आहेत," आणि त्या लगबगीने परत गेल्या.

"मग आता रोजचं बोलू," फौजदारबाई उरलेल्यांना म्हणाल्या. "यंत्र आल्यापासून तुमच्या शाळेत कधी कुणी गैरहजर असतं का?"

मोठ्या बाईंची मान ताठ झाली. "नाही. रोज पूर्ण हजेरी. फाटकावर पाटीच लावलीय आम्ही."

"एवढी मुलं, आणि कुणाला ताप नाही, खोकला नाही, मामाचं लग्न नाही?"

"ताप आला तर पालक फोन करतात, मग यंत्रात रजा टाकतो. ती वेगळी. पण न सांगता कुणी घरी राहत नाही."

खोलीत चुळबुळ झाली. सहावीचे सर पायाच्या अंगठ्याने फरशीची रेघ घासत होते.

"सर, बोला."

"नाही, तसं काही नाही. काल माझ्या वर्गात एक बाक रिकामं दिसलं."

"मग?"

"पडद्यावर पाहिलं तर ती मुलगी हजर होती."

"पण बाकावर नव्हती."

"नव्हती. पण यंत्रात होती." "म्हटलं, आपल्याच चष्म्याचा नंबर वाढला असेल."

मग आठवीच्या बाईंना आठवलं. मग पाचवीच्या. एकेकाने एकेक रिकामं बाक बाहेर काढलं. हाक मारून हजेरी घेणं यंत्र आल्यापासून बंद झालं होतं. जिथे यंत्र आणि डोळे यांचं जमेना, तिथे सगळ्यांनी डोळ्यांना गप्प बसवलं होतं.

फौजदारबाई खिडकीशी गेल्या. बाहेर मैदान रिकामं होतं.

"कळतंय का तुम्हाला?" त्या वळून म्हणाल्या. "या शाळेत रोज एक मूल घरी राहतं. कुणीतरी एक मुलगी शाळेत यावी म्हणून."

५

सहावीच्या सरांनी चष्मा काढून पुसला.

"पण ती आहे कोण?" मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि तिला स्वतःचं कार्ड का नाही?"

"तेच आता बघायचं." फौजदारबाई यंत्रवाल्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "ज्यांची कार्डं वापरली, त्यात पहिली ते चौथीतलं कुणी आहे?"

त्याने शोधलं. "नाही. सगळे पाचवीपासून पुढचे."

"एकाच मुलाचं कार्ड दोनदा आलंय?"

"एकदाही नाही."

"म्हणजे घरी पोट एकदाच दुखतं. एकदा दुखल्याचा कुठल्या आईला संशय येतो? मोठी अक्कल आहे हो." फौजदारबाईंना स्वतःलाच हसू आलं. "आता बघा. मुलगी लहान, चौथीपर्यंतची. तिला आत यायला कुणाचंही कार्ड चाललं असतं. अगदी पहिलीतल्याचंही. मग मोठ्यांचीच कार्डं का?"

यंत्रवाल्याने मान हलवली.

"तुम्हीच सांगितलंत मला मघाशी. छोट्यांच्या कार्डावर संध्याकाळी अंगठा लागतो, घरच्या माणसाचा. मोठ्यांच्या कार्डावर लागत नाही. हिला आत कसं यायचं हा प्रश्न नाहीच आहे. हिला अंगठा लावणारं कुणी नाही, हा प्रश्न आहे." त्या थांबल्या. "पहिली ते चौथीत असं कोणतं मूल आहे, ज्याच्या घरच्या माणसाचा ठसा यंत्रात नाही?"

"कुणीच नाही, मॅडम. शंभर टक्के."

"नीट आठवा."

"आठवायचं काय त्यात? ठसा भरल्याशिवाय कार्ड निघतच नाही. आणि कार्ड नाही तर सिस्टीम त्याला..." यंत्रवाल्याने टायची गाठ सैल केली. "ज्याचा ठसा नाही, त्याला आमची सिस्टीम मुलात धरतच नाही."

मोठ्या बाईंनी टेबलाचा कोपरा धरला.

"मावशी," त्या म्हणाल्या. "ती मावशी!"

यंत्र बसवलं त्या आठवड्यात एक बाई आली होती. रुग्णालयाच्या चादरी धुण्याच्या कामावर होती. बहिणीची मुलगी तीच सांभाळत होती. मुलीला दुसरं कुणी नव्हतं. सोड्याने आणि कढत पाण्याने तिच्या बोटांवरच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. ती काचेवर अंगठा ठेवायची आणि पडद्यावर अक्षरं यायची: व्यक्ती आढळली नाही.

"तीनदा आली बिचारी," मोठ्या बाई म्हणाल्या. "रजा टाकून. दर वेळी तेच. मग या साहेबांनी सांगितलं, ठसा येईल तेव्हा या. मुलीला कुणी काढलं नाही हो शाळेतून. कुणीच काढलं नाही."

"नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "फक्त घेतलं नाही."

"मला वाटलं दुसऱ्या शाळेत घातली असेल."

"चौथीत होती ना?"

मोठ्या बाईंनी मान डोलावली, आणि दोघींना एकाच वेळी चौथीच्या बाईंची ती लगबग आठवली. माझी सगळी मुलं आहेत.

६

चौथीच्या बाई वर्गाच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी वाट अडवली नव्हती, पण सोडलीही नव्हती.

"मी खोटं बोलले नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माहीत झालं असतं. एक दिवस ती नेहमीच्या बाकावर दिसली. म्हटलं, यंत्राने सोडलंय ना आत, मग मी कोण अडवणारी? यंत्राचं सगळे ऐकतात. मीही ऐकलं."

फौजदारबाई आत गेल्या. वर्ग उठून उभा राहिला. खिडकीकडच्या बाकावर तो भांग होता. त्यांनी तो कुठेही ओळखला असता. त्याच्याखाली एक बारीक चेहरा होता, आणि तो पहिल्यांदाच दिसत होता.

मुलीने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"बांबूदादाला रागावू नका," ती म्हणाली. "आज त्याचा नंबर होता. त्याच्या आईने ऐकलं नाही."

"नंबर कोण लावतं?"

"कुणी नाही."

"सुरुवात कुणी केली?"

मुलीने दाराकडे पाहिलं. दारातून बांबूचा आवाज आला; तो छताला कंटाळून मागोमाग आला होता.

"हिच्या गल्लीत एक पाचवीतली राहते. तिला खराच ताप आला. तिने हिला म्हटलं, माझं कार्ड पडूनच आहे, तू जा. म्हणून ही आली."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला. मग दुसऱ्या कुणाला तरी आणावा लागला."

"पण हे ठरतं कसं? कुठे लिहिता? कोण सांगतं?"

"लिहायचं काय त्यात? ज्याचा दिवस झाला, तो आणखी कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवतो. त्याने कार्ड हिला नेऊन द्यायचं. संध्याकाळी वाटेवरचं कुणीतरी परत आणून देतं."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

बांबूने चौथीकडे पाहिलं, चौथीने बांबूकडे. प्रश्न कुणालाच समजला नव्हता.

फौजदारबाई हळूच बाकावर बसल्या. बाक लहान होतं, गुडघे वर आले. तीन माणसांची टोळी त्यांच्यासमोर बसवली की चहा यायच्या आत एकजण फुटायचा. भाऊ भावाला विकायचा. इथे शेकडो जण होते. त्यांतल्या निम्म्यांना नाक पुसायची आठवण करावी लागे. त्यांना म्होरक्या नव्हता, शपथ नव्हती, ठरलेली खूणसुद्धा नव्हती. पहिलीतली मुलं वाटेतल्या मांजरीची बातमीही पोटात ठेवू शकत नाहीत, आणि ही गोष्ट त्यांनी थंडी संपेपर्यंत ठेवली होती. फौजदारबाईंना एकदम आपण फार मोठ्या इमारतीत आल्यासारखं वाटलं.

तरी सवय जाईना.

"हे बघा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांना हवा तितका कडक लागला नाही. "आग लागली असती आणि ही आत राहिली असती, तर आम्ही हिला शोधलंच नसतं. आम्ही बांबूला शोधत बसलो असतो. तेवढा विचार केला होतात का?"

"पण तिला आम्ही मोजतो," पुढच्या बाकावरची एक दात पडलेली मुलगी म्हणाली.

"म्हणजे?"

"भोंगा वाजला की आधी तिला मोजायचं. मग आपल्याला. आज तिचा एक हात मी धरला होता, एक त्याने."

शेजारच्या मुलाने पुरावा म्हणून हात वर केला. त्याला अजून सफरचंदाचा चिकटा होता.

फौजदारबाईंनी दाराकडे पाहिलं. मोठ्या बाई चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या केव्हा आल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांच्यामागे यंत्रवाला होता आणि त्याच्या गळ्यातली टाय आता खिशात गेली होती.

"हिचं नाव यंत्रात घाला," मोठ्या बाई वळून न बघता म्हणाल्या.

"पण मॅडम, मावशींचा ठसा..."

"माझा अंगठा घ्या. रोज संध्याकाळी मी फाटकावर येईन, अंगठा लावीन आणि स्वतः तिला तिच्या मावशीच्या हातात देईन. चालेल का तुमच्या यंत्राला?"

"चालेल," यंत्रवाला म्हणाला. मग जरा थांबून, "मी दुसरी सोयही करतो, मॅडम. तोंड बघून सोडायची. काकांना विचारून करतो."

"आणि उद्यापासून प्रत्येक वर्गात हाक मारून हजेरी. मोठ्याने. बाक रिकामं दिसलं तर ते रिकामंच आहे असं समजायचं."

एवढं होईपर्यंत मुलगी उभीच होती. आनंद दिसावा तसा तिच्या चेहऱ्यावर काही दिसला नव्हता. तिने फौजदारबाईंची बाही ओढली.

"मावशीला सांगू नका," ती कुजबुजली. "अंगठा उमटत नाही म्हणून ती रोज त्याला तेल चोळत बसायची. रेघा परत येतात म्हणे. मग रडायची. म्हणून मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"उमटला म्हणून."

७

शाळा सुटली. फाटकापाशी मोठ्या बाई उभ्या राहिल्या आणि दिव्याने हिरवा होऊन त्यांचा अंगठा मान्य केला. काका दिव्याकडे पाठ करून मुलांची तोंडं बघत होते, आणि बऱ्याच दिवसांनी गावाला आल्यासारखे एकेकाला विचारत होते, "अरे, तू एवढा कधी वाढलास?"

रस्त्याच्या वळणावर, पालकांच्या घोळक्यापासून जरा लांब, एक बाई भिंतीला लागून उभी होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात पाण्यात राहून पांढुरके पडलेले. अंगठा एकदाच लागतो, असं मुलीने सांगितल्यापासून ती फाटकाशी येत नव्हती. मुलीला दोन बायकांच्या मधून येताना पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. एक शाळेची मोठी बाई, दुसरी चालीवरूनच पोलिसातली. चांगली बातमी सांगायला अशा दोघी कशाला येतील?

ती पुढे आली नाही. तिने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि उजवा अंगठा पुढे धरला.

"पुसला गेला का हो बाई?" ती म्हणाली. "आज सोडा जास्त होता कामावर. पुन्हा लावते. दाबून लावते. पण हिला..."

मुलीने फौजदारबाईंचं बोट घट्ट धरलं.

नोकरीभर फौजदारबाईंचा सगळा संबंध खोटं बोलणाऱ्यांशीच आला होता. स्वतः बोलायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. सराव नसताना हे काम त्या पोरांनी रोज कसं केलं असेल, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. त्यांनी तो अंगठा आपल्या दोन्ही हातांत घेतला. गोट्यासारखा गुळगुळीत होता. त्यांनी तो नीट, उलटसुलट करून पाहिला, पुरावा तपासावा तसा.

"पुसला कुठे?" त्या म्हणाल्या. "चांगला स्वच्छ उमटलाय. एकेक रेघ दिसते. नाही का हो, मोठ्या बाई?"

"अगदी ठळक," मोठ्या बाई म्हणाल्या. "आम्ही तेच सांगायला आलो. तुम्ही लांब उभ्या राहू नका. उद्यापासून फाटकाशी या. मी असते तिथे."

मुलीने हळूच वर पाहिलं. मग ती जाऊन मावशीला चिकटली.

मावशीचा विश्वास बसेना. तिने अंगठा उतरत्या उन्हात धरला, डोळे बारीक केले आणि तशीच बघत राहिली. येणारीजाणारी मुलं तिच्या भोवतीने वाट काढून जात होती. बऱ्याच वेळाने तिला त्या रेघा दिसल्या असाव्यात, कारण ती हसली.